क्यू-क्यू आलेखातील बिंदू रेषेवर बसत नाहीत तेव्हा : वितरणांची तुलना करणाऱ्या कोडमधील नेहमीची अडचण

दोन वितरणे एकमेकांसारखी आहेत का, हे पाहण्यासाठी क्वांटाइल-क्वांटाइल आलेख, म्हणजेच क्यू-क्यू आलेख, काढला जातो. क्वांटाइल म्हणजे डेटाचा ठरावीक भाग ज्याच्या खाली येतो तो आकडा; दोन्ही वितरणांचे क्वांटाइल जोडीने मांडले आणि वितरणे सारखी असली, की बिंदू एका रेषेवर येतात. कोड कोणतीही त्रुटी न दाखवता चालतो, चित्रही उमटते. पण बिंदू एकीकडे आणि रेषा दुसरीकडे अशी अवस्था दिसते, किंवा एकाच डेटाचा आर या सांख्यिकीच्या भाषेत काढलेला आलेख आणि पायथनमध्ये काढलेला आलेख यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी घाईने निष्कर्ष काढला जातो की डेटा प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या ‘नॉर्मल’) वितरणाचा नाही, किंवा दोन नमुने अगदी वेगळ्या स्वरूपाचे आहेत. हा निष्कर्ष कधी कधी बरोबरही असतो. मात्र ही तक्रार पुन्हापुन्हा येण्यामागे डेटापेक्षा रेषाच अधिक वेळा कारणीभूत असते, कारण ती कोणत्या नियमाने काढली गेली हे कोणी पाहिलेले नसते आणि प्रत्येक लायब्ररीचा नियम वेगळा असतो.

वाचकाला स्वतः पडताळून पाहता यावे म्हणून येथे आर या भाषेबरोबरच येणारा ‘एअरक्वालिटी’ हा डेटासंच घेतला आहे. न्यूयॉर्कमधील 1973 च्या मे ते सप्टेंबर या 153 दिवसांच्या हवेच्या नोंदी त्यात आहेत. ओझोनचे आकडे रूझवेल्ट बेटावरील असून दुपारी 1 ते 3 या वेळेतील सरासरी पीपीबी (एक अब्ज भागांतील भाग) या एककात, पूर्णांकांत दिलेली आहे. 153 पैकी 37 दिवसांची ओझोनची नोंद नाही, म्हणजे वापरता येणारे आकडे 116 आहेत. सर्वांत लहान आकडा 1, सर्वांत मोठा 168, मध्यक 31.5 आणि सरासरी 42.1. मध्यक आणि सरासरी यांच्यातील हे अंतरच सांगते की वितरण उजवीकडे लांबलेले आहे.

नोंदी गाळल्या आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे

हा डेटा पायथनच्या पांडाज या लायब्ररीत वाचून ओझोनचा स्तंभ जसाच्या तसा सायपाय या लायब्ररीच्या ‘प्रॉबप्लॉट’ला दिला, तर बिंदू उमटतात; पण रेषा दिसत नाही आणि परत मिळालेला चढ, छेद व सहसंबंध हे सगळे ‘नॅन’ (आकडाच नाही) असतात. रेषा नाहीशी झाल्याचे निदान लक्षात तरी येते. त्याहून घातक गोष्ट म्हणजे उरलेले बिंदूही चुकीच्या जागी बसलेले असतात. हे फंक्शन एकूण लांबी 153 धरून सैद्धांतिक स्थाने काढते, तर क्रम लावताना नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी रिकाम्या नोंदी शेवटी ढकलते. त्यामुळे 168 हा सर्वांत मोठा आकडा आडव्या अक्षावर सुमारे 2.5 येथे असायला हवा तो 0.69 येथे जाऊन बसतो. म्हणजे उजवी शेपटी (मोठ्या आकड्यांचे टोक) आलेखात जणू मधूनच कापलेली दिसते. मग कोणी रेषा हाताने काढून घेतली, तर त्या चित्रावरून काढलेला कोणताही अर्थ निरुपयोगी ठरतो.

आरमधील ‘क्यूक्यूनॉर्म’ आणि ‘क्यूक्यूप्लॉट’ रिकाम्या नोंदी स्वतःच बाजूला ठेवतात, म्हणून आरमधून पायथनकडे आलेल्या व्यक्तीला ही अडचण हमखास येते. उपाय एका ओळीचा आहे: आलेखाच्या फंक्शनकडे जाण्याआधी ‘ड्रॉपएनए’ करावे आणि उरलेल्या आकड्यांची संख्या छापून पाहावी. येथे ती 116 आलीच पाहिजे.

सगळे बिंदू रेषेच्या एकाच बाजूला

स्टॅट्समॉडेल्स या पायथनच्या आणखी एका लायब्ररीतील ‘क्यूक्यूप्लॉट’ला डेटा आणि ‘लाइन’ या पर्यायात 45 एवढेच दिले, तर ओझोनचे जवळजवळ सगळे बिंदू रेषेच्या कितीतरी वर तरंगतात. याचे कारण असे की ‘फिट’ हा पर्याय मुळात बंद असतो आणि तुलना प्रमाण प्रसामान्य वितरणाशी, म्हणजे सरासरी 0 आणि प्रमाण विचलन 1 असलेल्या वितरणाशी होते. आडव्या अक्षावर उणे अडीच ते अडीच, उभ्या अक्षावर 1 ते 168. अशा दोन मापांमध्ये 45 अंशांच्या रेषेला काही अर्थच उरत नाही. ‘फिट’ चालू करावे किंवा रेषेचा दुसरा पर्याय निवडावा: ‘एस’ म्हणजे नमुन्याच्या सरासरी व प्रमाण विचलनावरून काढलेली रेषा, ‘आर’ म्हणजे लघुतम वर्गांची (बिंदूंपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी) रेषा, ‘क्यू’ म्हणजे चतुर्थकांतून (क्रमाने लावलेल्या आकड्यांच्या पाव आणि पाऊण जागी येणाऱ्या आकड्यांतून) जाणारी रेषा.

दोन नमुन्यांच्या आलेखात 45 अंशांची रेषा योग्यच असते, कारण दोन्ही अक्षांवर एकच एकक असते. तेथे निराळी चूक घडते. मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी लायब्ररी दोन्ही अक्षांच्या मर्यादा स्वतंत्रपणे ठरवते. एक अक्ष 115 पर्यंत आणि दुसरा 168 पर्यंत गेला, तर चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ओढलेली रेषा ही ‘दोन्ही क्वांटाइल समान’ असल्याची रेषा नसते, केवळ चौकटीचा कर्ण असतो. रेषा नेहमी डेटाच्या मापांत, शून्यातून जाणारी आणि चढ 1 असलेली अशी काढावी, दोन्ही अक्षांना समान मर्यादा द्याव्यात आणि आलेखाचे गुणोत्तर समान ठेवावे.

एकच डेटा, दोन रेषा: मे आणि ऑगस्ट

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ओझोनच्या नोंदी मे महिन्यात 26 आणि ऑगस्टमध्येही 26 आहेत. दोन्ही नमुन्यांचा आकार सारखा असेल तेव्हा क्यू-क्यू आलेखाला कोणत्याही खास फंक्शनची गरज नसते: दोन्ही स्तंभ चढत्या क्रमाने लावायचे आणि पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा अशा जोड्या मांडायच्या. क्रम न लावता दोन्ही स्तंभ ‘स्कॅटर’ला देणे ही चूकही वारंवार दिसते, तो आलेख 1 मे विरुद्ध 1 ऑगस्ट असा होतो आणि वितरणांबद्दल काहीही सांगत नाही.

मे आडव्या अक्षावर आणि ऑगस्ट उभ्या अक्षावर ठेवला, तर मधल्या काही जोड्या अशा मिळतात: 8 ला 22, 12 ला 35, 19 ला 65, 28 ला 76, 36 ला 89, 45 ला 122. शेवटची जोडी 115 ला 168. सगळे बिंदू समानतेच्या रेषेच्या वर आहेत, म्हणजे क्रमवारीतल्या प्रत्येक जागी ऑगस्टचे ओझोन मे महिन्यापेक्षा जास्त आहे. एवढे सरासरीवरूनही कळले असते. मे महिन्याची सरासरी 23.6 आणि ऑगस्टची 60.0 आहे. क्यू-क्यू आलेखाकडून याहून अधिक अपेक्षा असते. फरक सगळीकडे सारखाच मिळवलेला आहे, की तो कोणत्या तरी पटीने वाढलेला आहे, की शेपट्यांचे स्वरूपच वेगळे आहे, हे त्याने सांगायला हवे, आणि ते कळते ते बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेवरून.

लघुतम वर्गांनी रेषा काढली, तर तिचा चढ 1.63 येतो आणि ती उभ्या अक्षाला 21.5 येथे छेदते. ही रेषा वाचली तर अर्थ असा निघतो की ऑगस्टमध्ये ओझोनची पातळी आधी सुमारे 21 एककांनी उचलली गेली आणि वर थोडीशी पसरली. शिवाय लहान आकड्यांचे बिंदू रेषेच्या खाली, मधले बरेचसे वर आणि शेवटचा पुन्हा खाली असा बाक दिसतो, ज्यावरून ‘वितरणांचे आकार वेगळे आहेत’ असेही कोणी लिहून मोकळे होईल.

त्याच जोड्यांवर चतुर्थकांची रेषा काढून पाहावी. मे महिन्याचे पहिले आणि तिसरे चतुर्थक 11 आणि 31.5, ऑगस्टचे 28.75 आणि 82.5. या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ 2.62 येतो आणि छेद उणे 0.09, म्हणजे जवळपास शून्य. रेषा उगमातून जाते! याचा अर्थ पहिल्या अर्थाहून अगदी वेगळा आणि कितीतरी नेमका आहे: ऑगस्टचे वितरण हे मे महिन्याच्या वितरणाला सुमारे 2.6 ने गुणून मिळणाऱ्या वितरणासारखे आहे, त्यात वेगळी बेरीज काही नाही. जोड्यांची गुणोत्तरे पाहिली तरी हेच दिसते. दोन टोके सोडली तर ती बहुतेक 2.5 ते 3.3 यांच्या दरम्यान राहतात. वितरणाचा आकार तोच, माप मोठे. ज्यांना याची खात्री करायची असेल त्यांनी दोन्ही नमुन्यांचे लॉगरिदम घेऊन पुन्हा आलेख काढावा; बिंदू समानतेच्या रेषेला समांतर, सुमारे एका एककाने वर धावताना दिसतात, कारण 2.7 च्या जवळपासच्या गुणकाचा नैसर्गिक लॉगरिदम 1 च्या आसपास असतो.

दोन रेषांमध्ये एवढा फरक केवळ एका बिंदूमुळे पडला. 115 ला 168 ही शेवटची जोडी बाजूला ठेवून लघुतम वर्गांची रेषा पुन्हा काढली, तर चढ 2.69 आणि छेद 2.0 येतो, म्हणजे ती चतुर्थकांच्या रेषेजवळ येऊन बसते. लघुतम वर्गांत टोकाच्या बिंदूचा भार सर्वांत जास्त असतो आणि क्यू-क्यू आलेखात टोकाचे बिंदूच सर्वांत अस्थिर असतात, म्हणून माझ्या मते पाहणीसाठी चतुर्थकांची रेषाच मूळ पर्याय असावी. आरमधील ‘क्यूक्यूलाइन’ तीच काढते. सायपायचे ‘प्रॉबप्लॉट’ मात्र लघुतम वर्गांची काढते, आणि दोन भाषांतले आलेख जुळत नाहीत त्याचे पहिले कारण हेच असते. आरमध्ये दोन नमुन्यांच्या आलेखावर चतुर्थकांची रेषा हवी असेल, तर ‘क्यूक्यूलाइन’च्या ‘डिस्ट्रिब्यूशन’ या पर्यायात पहिल्या नमुन्याचे क्वांटाइल देणारे फंक्शन द्यावे; ‘क्यूक्यूप्लॉट’ स्वतःहून कोणतीच रेषा काढत नाही.

115 हा आकडा काढून टाकावा, असे मात्र यातून मुळीच निघत नाही. चतुर्थकांच्या रेषेनुसार ऑगस्टच्या 168 च्या जोडीला मे महिन्यात सुमारे 64 असायला हवे होते, तिथे 115 आहे. हा 30 मे 1973 चा दिवस. त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी 5.7 मैल आणि कमाल तापमान 79 अंश फॅरेनहाइट होते, तर मे महिन्याची सरासरी अनुक्रमे 11.6 मैल आणि 65.5 अंश होती. वारा पडलेला, ऊन तापलेले. ओझोन साचायला अनुकूल असाच दिवस. 168 ची नोंद असलेल्या 25 ऑगस्टलाही वारा ताशी अवघा 3.4 मैल होता. आकडा खरा असण्याची शक्यता भक्कम आहे, म्हणून तो आलेखात ठेवायचा, त्याला रेषा वाकवू द्यायची नाही आणि अहवालात त्याचा स्वतंत्र उल्लेख करायचा.

दुसऱ्या टोकाला 1 ला 9 ही जोडी आहे. मूळ मापावर ती रेषेच्या अगदी जवळ असते, पण लॉगरिदम घेतल्यावर एकदम दूर जाते. आकडे पूर्णांकांत असल्यामुळे 1 या नोंदीमागे प्रत्यक्षात अर्धा ते दीड यांपैकी काहीही असू शकते आणि लॉगरिदमच्या मापावर हे अंतर फार मोठे असते. तिथल्या विचलनाला फारसे महत्त्व देऊ नये.

चतुर्थकांची रेषाही सर्वत्र भरवशाची नाही. आरमधीलच ‘फेथफुल’ या संचात यलोस्टोन येथील ओल्ड फेथफुल या उष्णोदकाच्या फवाऱ्याचे 272 उद्रेक नोंदवले आहेत. उद्रेकांच्या कालावधीचे पहिले चतुर्थक सुमारे 2.2 मिनिटे आणि तिसरे सुमारे 4.5 मिनिटे आहे. हे कालावधी आखूड आणि लांब अशा दोन गटांत विभागलेले आहेत आणि ही दोन चतुर्थके त्यांच्या दोन वेगवेगळ्या उंचवट्यांत पडतात, म्हणून त्यांतून जाणारी रेषा कोणत्याच गटाचे वर्णन करत नाही. आलेखात दोन सपाट तुकडे आणि त्यांना जोडणारा तीव्र चढ दिसला, की रेषेचा नाद सोडून गट वेगळे करावेत.

टोकाचे बिंदू लायब्ररीगणिक का सरकतात

रेषेचा नियम सारखा केला तरी सैद्धांतिक वितरणाशी केलेल्या तुलनेत टोके जुळत नाहीत, याचे कारण स्थान ठरवण्याचे सूत्र. 26 आकड्यांतील सर्वांत मोठा आकडा वितरणाच्या कितव्या भागावर आहे असे मानायचे? आर 10 पेक्षा मोठ्या नमुन्यासाठी क्रमांकातून अर्धा वजा करून संख्येने भागतो. हे सूत्र ॲलन हेझन यांच्या 1914 च्या जलसाठ्यांवरील कामापासून वापरात आहे. सायपाय फिलिबेन यांचे सूत्र वापरतो, ज्यात शेवटचे स्थान 0.5 चे संख्येइतके मूळ काढून मिळते. स्टॅट्समॉडेल्स क्रमांकाला संख्या अधिक एक याने भागतो. परिणामी 26 पैकी शेवटचा बिंदू प्रसामान्य मापावर आरमध्ये 2.07, सायपायमध्ये 1.94 आणि स्टॅट्समॉडेल्समध्ये 1.79 येथे पडतो. मधले बिंदू जवळपास जागेवरच राहतात. यांपैकी कोणतेही सूत्र चूक नाही. पण एकाच अहवालात दोन साधनांचे आलेख शेजारी ठेवायचे असतील, तर स्थाने स्वतः काढून दोन्हीकडे तीच द्यावीत.

आकार सारखे नसतील तर

जुलैच्या नोंदी 26 आणि सप्टेंबरच्या 29 आहेत. जास्तीचे तीन आकडे यादृच्छिकपणे टाकून देणे हा उपाय नव्हे, कारण त्यांत टोकाचा आकडा गेला तर आलेख बदलतो. आरमधील ‘क्यूक्यूप्लॉट’ मोठ्या नमुन्याचे आकडे अंतर्वेशनाने (शेजारच्या दोन आकड्यांवरून मधला आकडा काढून) लहान नमुन्याच्या संख्येवर आणतो. पायथनमध्ये साधारण असेच काम पुढील पायऱ्यांनी होते. नावे वाचनासाठी मराठीत लिहिली आहेत.

जुलै = जुलैचे ओझोन, रिकाम्या नोंदी गाळून
सप्टेंबर = सप्टेंबरचे ओझोन, रिकाम्या नोंदी गाळून
न = दोन्हींपैकी लहान नमुन्याची संख्या
स्थाने = (1 ते न पर्यंतचे क्रमांक − 0.5) ÷ न
आडवे = क्वांटाइल(जुलै, स्थाने)
उभे = क्वांटाइल(सप्टेंबर, स्थाने)

येथे 0 ते 100 असे सगळे शतमक मागण्याचा मोह टाळावा. 26 आकड्यांतून 101 बिंदू काढले, तर त्यातले बहुतेक दोन खऱ्या आकड्यांमधले अंदाज असतात. आलेख गुळगुळीत दिसतो आणि डेटा आहे त्याहून भरपूर असल्याचा भास होतो. क्वांटाइलच्या व्याख्याही एकच नाहीत. हाइंडमन आणि फॅन यांनी 1996 मध्ये नऊ प्रकार नोंदवले. त्यांतील सातवा प्रकार आर आणि नमपाय या दोघांचाही मूळ पर्याय आहे, म्हणून येथे सहसा घोटाळा होत नाही.

बाक वाचताना अक्ष तपासावा

सर्व 116 आकड्यांची प्रसामान्य वितरणाशी तुलना केली आणि नमुना उभ्या अक्षावर ठेवला, तर दोन्ही टोके रेषेच्या वर जातात. सरासरी 42.1 आणि प्रमाण विचलन 33.0 असलेल्या प्रसामान्य वितरणात 116 पैकी सर्वांत लहान आकडा उणे 45 च्या आसपास अपेक्षित असतो, जो ओझोनच्या बाबतीत शक्यच नाही; प्रत्यक्षात तो 1 आहे. वरच्या टोकाला अपेक्षा सुमारे 129 ची, प्रत्यक्षात 168. उजवीकडे लांबलेल्या वितरणाची ही खूण आहे. पण आरमध्ये ‘डेटाएक्स’ हा पर्याय चालू केला, किंवा कोणी अक्षांची अदलाबदल करून कोड लिहिला, तर हाच बाक उलटा दिसतो आणि वाचणारा नेमका उलट अर्थ लावतो. जड शेपट्या आणि हलक्या शेपट्या यांच्याबाबतीतही तेच घडते. म्हणून दोन्ही अक्षांना नावे देणे हा शोभेचा भाग समजू नये.

या बाकात एक भेसळही आहे, आणि ती ओळखल्याशिवाय ‘हे लॉग-प्रसामान्य वितरण आहे’ (म्हणजे आकड्यांचे लॉगरिदम प्रसामान्य आहेत) असे म्हणणे अपुरे ठरते. या 116 दिवसांत मे आणि ऑगस्ट दोन्ही मिसळलेले आहेत, आणि आपण नुकतेच पाहिले की त्यांच्या मापांत अडीच पटींहून अधिक फरक आहे. वेगवेगळ्या मापांचे गट एकत्र केले की एकत्रित वितरण लांबतेच. आधी महिन्यांची आपसांत तुलना करावी, मगच एकत्रित आलेखाचे वितरणाशी नाते जोडावे.

किती विचलन म्हणजे खरे विचलन

26 बिंदू अगदी प्रसामान्य वितरणातूनच काढले तरी ते रेषेवर काटेकोर बसत नाहीत. शेजारचे बिंदू एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे ते गटागटाने रेषेच्या एका बाजूला झुकतात आणि लाटेसारखा आकार तयार होतो, ज्यात डोळ्याला हटकून काही तरी दिसते. यासाठी सिम्युलेशनने पट्टा काढावा: बसवलेल्या वितरणातून 26 आकड्यांचे हजारभर नमुने घ्यावेत, प्रत्येक नमुन्यासाठी सरासरी व प्रमाण विचलन नव्याने काढून आकडे प्रमाणित करावेत, क्रम लावावा आणि प्रत्येक स्थानावर 2.5 व 97.5 शतमकांच्या मर्यादा आखाव्यात. मूळ नमुनाही तसाच प्रमाणित करून या पट्ट्यावर ठेवावा. वितरणाचे मापदंड दर वेळी नव्याने काढण्याची पायरी गाळली, तर पट्टा गरजेपेक्षा रुंद येतो. हा पट्टा प्रत्येक स्थानासाठी स्वतंत्रपणे 95 टक्क्यांचा असतो. 26 पैकी एखादा बिंदू बाहेर पडण्याची शक्यता 5 टक्क्यांहून बरीच जास्त असते, म्हणून एक बिंदू बाहेर गेला म्हणून वितरण नाकारता येत नाही.

ओझोनच्या बाबतीत हा पट्टाही सावधपणे वापरावा लागतो. सिम्युलेशन प्रत्येक आकडा स्वतंत्र मानते, तर हवेचे दिवस तसे नसतात. उष्ण आणि वारा पडलेले दिवस सलग येतात आणि ओझोनही सलग काही दिवस चढे राहते. अशा डेटात खरी अनिश्चितता पट्ट्यात दिसते त्याहून जास्त असते, आणि ती आजमावायची असेल तर एकेक दिवसाऐवजी सलग दिवसांचे गट उचलून पुनर्नमुने घ्यावे लागतात.